सोळा दारं

"बारा नंबरात आत्ता कुणी जायचं नाही. दहा मिनिटं दार उघडं राहू दे," मी ओरडले, तशी पुढची बाई एक पाऊल मागे सरकली आणि पुन्हा आपल्या चुन्याच्या गोलात उभी राहिली. हातातली बादली तिनं खाली टेकवली नाही. बादली खाली टेकवायची नाही, हेही मीच सांगितलेलं होतं.

सकाळचे साडेसहा वाजले असतील. दोन हजार वीसचा मे महिना आणि सोलापूरचं ऊन. एवढ्या सकाळीच छताचे पत्रे तापायला लागले होते. आमच्या वस्तीत दोनशेच्या आसपास घरं आणि सगळ्यांना मिळून सार्वजनिक संडासाची सोळा दारं. आठ पुरुषांची, आठ बायकांची. घरात संडास कुणाकडेच नव्हता. भोंगा लावलेली गाडी दिवसातून दोनदा येऊन घरातच थांबा, घरातच थांबा असं सांगून जायची. आम्ही थांबत होतो. पण ही एक गोष्ट घरात थांबून होत नव्हती.

एप्रिलच्या शेवटी तिसऱ्या गल्लीतले येल्लप्पा मामा गेले. त्यांच्या घरातले चौघं पॉझिटिव्ह निघाले आणि वस्तीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले. मग मामा कुठल्या दारात जायचे ते लोक आठवायला लागले. कुणी म्हणायचं तीन नंबर, कुणी म्हणायचं पाच. दोन दिवस त्या दोन्ही दारांकडे कुणी फिरकलं नाही आणि उरलेल्या दारांपुढे माणसं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. शिव्या, ढकलाढकली, एकदा तर बादल्यांनी मारामारी.

तेव्हा आरोग्य केंद्रातल्या बागवान सिस्टर आल्या. अंगावर निळा प्लास्टिकचा झगा, आत घामानं चिंब. त्यांनी आम्हा आठ-दहा बायकांना संडासासमोर लांब लांब उभं केलं.

"आत जाताना मास्क पाहिजे, बाहेर आल्यावर पण पाहिजे," त्या म्हणाल्या. "आत बोलायचं नाही, थुंकायचं नाही, फोन तर अजिबात न्यायचा नाही. कडीला तळहात लावायचा नाही, कोपरानं नाहीतर कागदानं सरकवायची. भरपूर पाणी टाकायचं आणि टाकताना तोंड वळवायचं. एक माणूस बाहेर आला की दार थोडा वेळ उघडं ठेवायचं, हवा जाऊ द्यायची. आणि साबण. साबण लावल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."

"हे ऐकणार कोण, सिस्टर?" कुणीतरी विचारलं.

"इथं एकीनं उभं राहायला पाहिजे. मोठ्या आवाजाची कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी जयमाला शिवशरण. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात दहा वर्षं मशीनवर बसत होते. पन्नास मशिनांच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज तसाच झाला होता. कारखाना मार्चपासून बंद होता. सिस्टरांनी मला नियमांचा कागद दिला, पाठीवर अडकवायचा फवारणीचा पंप दिला आणि गळ्यात घालायला एक कार्ड दिलं. मी चुन्यानं गोल आखले. बंद बालवाडीतला फळा आणून भिंतीला टांगला आणि नियम त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिले. रोज पहाटे पाचपासून अकरापर्यंत आणि संध्याकाळी चार ते सात मी तिथं उभी असायची. आठ दिवसांत रांग सरळ झाली. पुरुषसुद्धा ऐकायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं माझं ऐकत होती, आणि मला ते आवडत होतं, हे खोटं कशाला सांगू.

त्या गुरुवारी बारा नंबरचं दार उघडं ठेवून मी पंप मारत होते, तेवढ्यात आत्या आल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सुभद्राबाई. वय पासष्टच्या पुढं. नवरा लवकर गेल्यावर विड्या वळून त्यांनी आमच्या मालकांना, नागेशला, वाढवलं होतं. आठ वर्षांपासून त्यांना साखरेचा आजार होता. आमचं फार गूळपीठ नव्हतं आणि भांडणही नव्हतं. एका खोलीत राहणाऱ्या दोन कामाच्या बायकांचं असतं तसं होतं.

त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. भिंतीला हात लावत लावत कडेनं थेट माझ्यापर्यंत आल्या. हातात लहान बादली, तोंडावर नुसता पदर.

"जयमाला, मला जरा जाऊ दे गं."

"आत्या, तुम्ही पहाटे येऊन गेलात ना?"

"आले हुते. पुन्ना लागलीय. तुला ठावं हाय की माझं."

मागून रंजना भंडारे बोलली. आमच्याच गल्लीतली, तोंडाची फटकळ. "का गं जयमाला, घरच्यांना येगळा नियम हाय का? माझ्या सासूला काल परत लावून दिलंस तू. ती पण म्हातारीच हाय की."

ते खरं होतं. काल मी तिच्या सासूला परत पाठवलं होतं. रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"मास्क कुठंय तुमचा?" मी आत्यांना विचारलं.

"घाईत ऱ्हायला."

"मग परत जा. दिवसातून एकदा म्हणजे एकदाच. फळ्यावर लिहिलंय."

"मला कुठं वाचाय येतंय?"

कुणीतरी हसलं. आत्यांना हसलं की मला, ते कळलं नाही.

"वाचाय येत नसलं तरी ऐकाय येतंय ना? घरात चार वेळा सांगितलंय मी. सारखं सारखं इथं येऊन आजार घरात आणायचाय का? जा, आत्या. लोक खोळंबलेत."

हे मी रोजच्या आवाजातच बोलले. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काहीतरी नीट ऐकून घ्यावं तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि वळल्या. बायकांनी गोलातून बाजूला होऊन त्यांना वाट दिली.  त्या दिवशी रांग फार शिस्तीत चालली.

अकराला घरी गेले तेव्हा आत्यांचं लुगडं दोरीवर वाळत होतं. आंघोळ, धुणं पहाटेच झालेलं होतं. मग हे परत कशाला धुतलं, असं मनात आलं. मी भाकरी करायला बसले आणि विसरून गेले.

आमच्या घरात मोरी होती, पण तिचं पाणी उघड्या गटारातून शेजारच्या चार दारांपुढून जायचं. त्यामुळे मोरीत फक्त आंघोळ आणि भांडी, हे गल्लीत आधीपासूनच ठरलेलं. कोरोना आल्यापासून तर गटारात जरा वास आला तरी लोक काठ्या घेऊन बाहेर यायचे.

दुसऱ्या दिवसापासून आत्या फक्त पहाटे यायच्या. सगळ्यांच्या आधी, पाचच्या ठोक्याला. तोंडावर मी शिवलेला मास्क, नाकापर्यंत नीट ओढलेला. कोपरानं कडी सरकवायच्या. बाहेर आल्यावर माझ्यासमोर उभं राहून, मला दिसतील असे हात साबणानं धुवायच्या, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. मग घरी जायच्या. शनिवारी मी रांगेतल्या बायकांना म्हणालेसुद्धा, "बघा, आमच्या आत्यांकडून शिका."

घरी त्या पंख्याखाली बाजेवर पडून असायच्या. उन्हानं तसंही सगळेच पडून होते. पारा त्रेचाळीसच्या वर गेलेला. रविवारी दुपारी मी माठात पाणी ओतायला गेले तर माठ गळ्यापर्यंत भरलेला.

"आत्या, पाणी कुणी प्यालंच नाही का?"

"मला तहानच लागंना बघ," त्या म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, मिसरीची पूड लागली असेल. "एक खेप वाचली तुझी."

मला खरंच बरं वाटलं. नळावरसुद्धा तेव्हा रांग असायची.

मालकांनी त्या दिवशी आईला विचारलं, "चहा का सोडलास गं?"

"साखर वाढती त्यानं," आत्या म्हणाल्या. मालकांनी मान हलवली. ते टेम्पो चालवायचे, टेम्पो बंद होता. दिवसभर मोबाईलवर आकडे बघत बसायचे, आज किती सापडले, किती गेले.

सोमवारी साडेअकराला मी घरी आले. पंप खाली ठेवला, हात धुतले. आत्या बाजेवर बसलेल्या होत्या.

"आत्या, जेवलात का?"

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पानं भिजवलीस का? कारखान्याची गाडी येईल आत्ता."

विडीची पानं भिजवणं त्यांनी सोडल्याला बारा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "काय म्हणताय?" त्या उठायला गेल्या आणि बाजेच्या कडेवरून खाली आल्या. अंगाला हात लावला तर कातडी कोरडी, कागदासारखी. श्वास जोरात चालला होता.

जोरात चालणारा श्वास बघून आम्हाला एकच गोष्ट सुचली. मालक दारापर्यंत मागे सरकले. मीही सरकले. मग मालकांनी ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला.

गाडी यायला दीड तास लागला. पत्रे काढायला अजून वेळ. झगे घातलेली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन गल्लीत आली तेव्हा एकापाठोपाठ एक दारं लागत गेली. खिडक्यांतून डोळे दिसत होते. रंजनाच्या घरातून कुणीतरी म्हणालं, "फवारणीवालीच्याच घरात निघाला."

सरकारी दवाखान्यात बायकांचा वॉर्ड म्हणून मला आत जाऊ दिलं, मालकांना फाटकाबाहेर थांबवलं. आत्यांना ऑक्सिजन लावला, नाकातून नमुना घेतला, सलाईन लावायला शीर सापडेना. तीन ठिकाणी टोचलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, काचेच्या मागं डोळे तेवढे दिसत होते. तासाभरानं त्या माझ्याकडे आल्या.

"फुफ्फुस ठीक वाटतंय," त्या म्हणाल्या. "ताप पण नाही. साखर खूप वाढलीय आणि अंगात पाणीच नाही. किडनीवर परिणाम झालाय. पाणी किती पीत होत्या?"

"पीत होत्या की. घरात माठ आहे."

"लघवीला दिवसातून किती वेळा जायच्या?"

"एकदा," मी लगेच सांगितलं. "पहाटे. नियमानं."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "एवढी साखर असलेलं माणूस, या उन्हात, एकदा? कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"म्हणजे पाणीच सोडलेलं दिसतंय. तुमच्या लक्षात नाही आलं?"

 त्यांना दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

आत्या बुधवारी सकाळी गेल्या. मधल्या वेळात एकदाच शुद्धीवर आल्या. मी म्हटलं, "आत्या, पाणी देऊ?" वॉर्डातल्या सिस्टरनं चमच्यानं द्यायला सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "हितं संडास कुठंशी हाय?"

"आहे, इथंच आहे. तुम्हाला नळी लावलीय, उठायचं काम नाही."

"लोक आसतील की रांगंत."

"नाही, कुणी नाही."

मग त्यांनी दोन चमचे पाणी घेतलं. तिसरा ओठांवरून खाली आला.

दुपारी नमुन्याचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. त्यामुळे देह आम्हाला मिळाला, पण वस्तीत न्यायला परवानगी नव्हती. परस्पर स्मशानात. चार माणसं. मालक, मी, गाडीचा ड्रायव्हर आणि तिथला एक कामगार. मालकांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"ऊन लागलं म्हणाले," मी सांगितलं.

"ऊन," मालक म्हणाले.

मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. सगळं लांबून ऐकू आल्यासारखं ऐकू येत होतं. घरी आल्यावर मी मालकांना भात वाढला, त्यांनी खाल्ला. मी भांडी घासली. मुलगी माझ्या माहेरी अडकली होती, तिला फोनवर मालकांनी सांगितलं. ती रडत होती ते मला फोनमधून ऐकू येत होतं आणि मी भांडी पालथी घालत होते.

पाचव्या दिवशी पहाटे मल्लम्मा दारात आली. मल्लम्मा म्हणजे संडास धुणारी बाई. वस्तीबाहेर राहायची, पास दाखवून पत्र्यातून आत यायची, दुपारी बारा ते तीन सगळी सोळा दारं एकटी धुवायची. त्या दिवशी मात्र पहाटेच आली होती.

"येतीस का?" ती लांबूनच म्हणाली. "लई गर्दी कराय लागलेत. कुणी कुणाचं ऐकंना. एकमेकांच्या अंगावर."

मी पंप घेतला आणि निघाले. सुतकात कशाला जातेस, असं मालक म्हणाले नाहीत. माणसं मला बघून आपापल्या गोलात जाऊन उभी राहिली. रंजनानं खाली बघितलं. मी दोन-तीन वेळा ओरडले, आवाज तसाच होता. साडेआठपर्यंत रांग सरळ झाली.

त्या दिवशी अकराला मी घरी गेले नाही. पायरीवर बसून राहिले. बाराला मल्लम्मानं झाडू आणि फिनेलचा डबा काढला. तेवढ्यात दोन बायका बादल्या घेऊन आल्या, मला बघितलं आणि कोपऱ्यावरूनच मागे फिरल्या.

"त्या का गेल्या?" मी विचारलं.

मल्लम्मा हसली नाही, पण तसंच काहीतरी केलं. "रोज येतात की दुपारी. तू नसतीस ना. अर्धी वस्ती येती. मी काय बोलू, माणसाला लागतंय ते लागतंय."

मला ते माहीत होतं. म्हणजे असं होत असणार हे माहीत होतं, आणि म्हणूनच मी दुपारी तिकडे फिरकत नव्हते. नियम राहायचा आणि लोकांचंही चालायचं.

"आत्या यायच्या का?" मी विचारलं.

मल्लम्मानं झाडू भिंतीला टेकवला.

"तेच तर सांगायचं हुतं तुला. मागल्या आठवड्यात शुक्रवारी तुमच्या गल्लीतनं जाताना दिसली मला. दारात बसली हुती, पाय जवळ घेऊन. तोंडावरनं मला कळलं. मी म्हटलं, सुभद्राक्का, चल, आत्ता कुणी न्हाई, जयमाला पण न्हाई. तर म्हणती, ती न्हाई म्हणून तर येत न्हाई. तिच्या पाठीमागं मीच गेले, तर उद्या तिचं कोण ऐकंल?"

मी पंप पायरीवर ठेवला.

"मी म्हटलं, अगं, अंगाला बरं न्हाई ते असं धरून ठेवणं. तर म्हणती, पाणी न्हाई प्यालं की न्हाई लागत." मल्लम्मानं फिनेलचा डबा उचलला. "तुझ्यावर राग नव्हता तिचा. उलट तुझी शान वाटत हुती. म्हणाली, आख्ख्या वस्तीला रांगंत उभं केलंय माझ्या सुनंनं, बामणाच्या शाळंतल्या बाईवाणी."

ती झाडू घेऊन आत गेली. आतून पाणी मारल्याचा आवाज यायला लागला. 

त्याच आठवड्यात बागवान सिस्टर आल्या. आत्यांचं त्यांना कळलं होतं. त्यांनी लांबूनच हात जोडले. मग वही काढून म्हणाल्या, "जयमाला, तुमच्या वस्तीत सोळा दिवसांत एकही नवी केस नाही. आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांत निघाल्या. हे तुमच्यामुळं."

"हं," मी म्हटलं.

त्या फळ्यासमोर उभ्या राहून वाचायला लागल्या. मास्क. कडी. पाणी. उघडं दार. साबण. मग थांबल्या.

"हे सहावं कुठून आलं? दिवसातून एकदाच?"

"मी लिहिलं."

"मी दिलेल्या कागदावर हे नव्हतं."

"नव्हतं."

"मग का लिहिलं?"

"गर्दी व्हायची," मी म्हटलं. "एकदाच आले की गर्दी कमी होते, असं वाटलं."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काही कळलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"पुसून टाका," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हातारी माणसं, साखरेची माणसं, गरोदर बायका, त्यांना अडवायचं नाही. त्यांना रांगेत पुढं घ्यायचं. उलट पाणी जास्त प्या म्हणून सांगायचं."

मी ओल्या फडक्यानं सहावी ओळ पुसली. दुसऱ्या दिवसापासून रांगेत ओरडून सांगायला लागले, "म्हाताऱ्यांनी पुढं या. पाणी प्या. कितीही वेळा या." बायका ऐकायच्या, पण पुढं फारशा यायच्या नाहीत. त्यांना सवय झाली होती. रंजनाच्या सासूला मी एकदा हाताला धरून पुढं आणलं, तर ती घाबरून म्हणाली, "नगं बाई, मी पहाटे येऊन गेलेय."

जुलैत पत्रे निघाले. पुढं माणसं मास्क विसरली, गोल पावसानं धुऊन गेले, कारखाना सुरू झाला. मी पुन्हा मशीनवर बसायला लागले. आत्यांना ऊन लागलं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. मालकांना तेवढंच माहीत होतं, असं मी धरून चालले होते. रांगेतली गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत साडेतीन वर्षं गेली.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरमध्ये आमच्या गल्लीत मोठी ड्रेनेजची लाईन आली आणि घरात संडास बांधता यायला लागले. आमच्या खोलीत जागा एकच होती, आत्यांची बाज असायची तो कोपरा. तिथं विटांची भिंत उभी राहिली, पांढऱ्या फरशा बसल्या, प्लास्टिकचं निळं दार लागलं. दहा दिवसांनी मिस्त्री सामान आवरताना म्हणाला, "वहिनी, आजपासून वापरा. सिमेंट पक्कं झालंय."

तो गेल्यावर आम्ही दोघं खोलीतच जमिनीवर बसलो, त्या दाराकडे तोंड करून. मुलगी कॉलेजला गेली होती. संध्याकाळचे पाच वाजले असतील.

"आधी तू जा," मालक म्हणाले.

मी उठले नाही. "तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"काय?"

"आत्यांना ऊन नव्हतं लागलं. त्यांनी पाणी सोडलं होतं. मी त्यांना रांगेतून परत पाठवलं होतं. सगळ्यांसमोर. त्यांना फार लागली होती, आणि मी त्यांना जा म्हटलं."

हे एवढं एका दमात बोलले. साडेतीन वर्षं मला वाटत होतं की हे सांगायला फार वेळ लागेल.

मालक दाराकडेच बघत होते.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं? रंजनानं?"

"कुणी नाही. मी पलीकडं पुरुषांच्या रांगेत होतो त्या दिवशी. मधली भिंत छतापर्यंत नाही. सगळं ऐकू आलं."

मी त्यांच्याकडे वळले. "मग?"

"मग काय." ते म्हणाले. "बाहेर येऊन तुला सांगावं असं वाटलं, जाऊ दे तिला. नाहीतर तिला घरापर्यंत तरी सोडावं. पण माझा नंबर आला होता. मागचे लोक पुढं हो, पुढं हो करत होते. मी आत गेलो."

गल्लीत कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"बाहेर आलो तेव्हा ती गेली होती," ते म्हणाले. "घरी गेलो तर लुगडं धूत बसली होती. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही."

 मग मी उठले, कोपऱ्यातल्या दोन्ही बादल्या भरल्या. मालकांनी एक उचलली. घराचं दार ओढून घेतलं आणि दोघं सार्वजनिक संडासाकडे निघालो. तिथं पोचल्यावर ते डावीकडे पुरुषांच्या बाजूला वळले, मी उजवीकडे बायकांच्या. माझ्यापुढं तीन बायका होत्या. मी त्यांच्या मागं उभी राहिले.